मिलचा उठावना

आमच्या घरात पेपर उलटा वाचत. म्हणजे मागचं पान आधी. पहिल्या पानावरचे मंत्री-संत्री गेले उडत, आधी उठावने! कोण गेलं, कुठे बसायला जायचं आणि किती वाजता, एवढं कळलं की मग देशाचं काय चाललंय ते सावकाश बघायचं. आणि हे फक्त आमचंच नाही हं, अख्ख्या इंदूरचं हेच. संपादकीय लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बिचारे इतकं मन लावून लिहायचे.

बाहेरच्यांसाठी सांगते. उठावना म्हणजे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी एखाद्या धर्मशाळेत घटकाभर बसायचं, फोटोला फुलं वाहायची, घरच्यांसमोर हात जोडायचे आणि निघायचं. मूळ मराठी घरात ही पद्धत नाही. आपल्याकडे दहावं, तेरावं. पण चार पिढ्या इंदूरात काढल्यावर आम्ही पोह्यांबरोबर जिलबी खायला लागलो, तसे उठावनेही करायला लागलो. ज्याच्या उठावन्याला तुम्ही दिसला नाहीत, त्याच्या घरचा माणूस पुढे वर्षभर तुमच्याकडे बघून मान फिरवतो. म्हणून ते पान वाचणं भाग असतं. त्यात चूक चालत नाही. बाकी पेपरात काहीही चालतं.

माझे बाबा कपडा मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात कारकून होते. तयार कापडाच्या घड्या घालून त्यावर शिक्के मारतात, तिथे. पण मिलमध्ये बाबांची खरी पत होती ती पेपर वाचण्याची. घरी आलेला पेपर ते घडी न मोडता बगलेत मारून नेत, घरच्यांच्या हाती तो संध्याकाळी लागे, आणि डब्याच्या सुट्टीत खात्यातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. आधी उठावने, मग बाकीचं. आवाज खणखणीत. निम्म्या लोकांना वाचता येत होतं, पण तेही ऐकायलाच बसत. "बाबूजी पढ़ते हैं तो खबर पक्की लगती है," असं म्हणायचे. हे ऐकून बाबा दोन दिवस तरंगत असत.

आणि मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी, मग वीज तोडली, शेवटी भोंगा वाजेनासा झाला. परदेशीपुऱ्यातली आमची सगळी गल्ली त्या भोंग्यावर उठायची. तो गेल्यावर लोक गजराची घड्याळं घेऊन आले, जायचं कुठेच नव्हतं तरी.

गंमत बघा, चिमणीचा धूर थांबला आणि त्याच सुमारास आमचा पेपर रंगीत झाला. पहिल्या पानावर कपडे धुण्याचं मशीन, त्याच्यासमोर दात दाखवत उभी एक बाई. आतल्या पानावर थंड पेयं, रंगीत टीव्ही, परदेशी साबण. देशाची दारं उघडली, असं मोठ्या अक्षरात छापून यायचं. आमच्या मिलच्या दाराला तेव्हाच कुलूप लागलं होतं, पण ते कुठे छापून येत नव्हतं. गणपतीत कामगारांनी दारोदार फिरून वर्गणी काढली आणि मिलची झाँकी, म्हणजे चित्ररथ, नेहमीसारखी मिरवणुकीत काढली. तिचा मात्र अर्धं पान रंगीत फोटो आला, खाली "मिल की शान बरकरार." शान होती, पगार नव्हता!

त्यात भर म्हणजे दर थोड्या दिवसांनी एक बातमी हमखास यायची: मिल जल्द चालू होगी. कधी मंत्र्यांनी म्हटलेलं, कधी सूत्रांनी. हे सूत्र कोण असतात देव जाणे, पण आमच्या घरात त्यांचा शब्द देवापेक्षा वर होता. बाबा रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन, पेपर बगलेत मारून मिलच्या मोठ्या गेटसमोरच्या चहाच्या दुकानावर जात. बंद गेटाकडे तोंड करून तिथल्या ओट्यावर बसत. त्यांच्या खात्यातली माणसंही येत. बाबा वाचत, ते ऐकत. "जल्द चालू होगी" आलं की सगळे माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

आई चिडायची. "अहो, चिमणीतून धूर येतोय का?"

"येईल. पेपरात आलंय."

"आणि डोळ्यांना दिसतं त्याचं काय?"

"डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? छापलंय ते. कुणीतरी जबाबदारीनं छापतं. उगाच नाही छापत!"

खरा पेच निराळाच होता. माझ्या मामानं पीथमपुरच्या एका कारखान्यात बाबांसाठी स्टोअरकीपरची नोकरी बघितली होती. साहेब ओळखीचा, जागा रिकामी, पण तो थांबणार तरी किती? मामा दर रविवारी यायचा आणि बाबा त्याला तेच सांगायचे: मिल आज-उद्या सुरू होईल, मी दुसरीकडे गेलो तर माझं नाव कापतील. मामा जाताना दारात आईला हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी शेवटचं विचारतो. मग साहेब दुसरा माणूस घेईल." आई त्या दिवशी भांडी जोरात आपटत होती.

मी तेव्हा राज्यशास्त्रात एम.ए. करत होते, आणि माझ्या डोक्यात बरीच हवा होती. वर्तमानपत्र हा लोकशाहीचा चौथा खांब, असं आम्हाला शिकवत. सिद्धांतही होते. एक म्हणायचा, माध्यमं इंजेक्शन टोचतात आणि माणूस ते निमूट टोचून घेतो. दुसरा म्हणायचा, काय विचार करायचा ते माध्यमं सांगत नाहीत, कशाचा विचार करायचा ते सांगतात. तिसरा म्हणायचा, लोक पेपरचं थेट ऐकतच नाहीत, गल्लीतला एक वाचणारा असतो, त्याचं ऐकतात. मी परीक्षेसाठी हे रट्टा मारून पाठ करत होते आणि हे तिन्ही सिद्धांत माझ्यासमोर बनियन घालून बशीतला चहा फुंकत बसले होते.

एकदा मी बाबांना समजवायला गेले. म्हटलं, बाबा, पेपर जाहिरातींवर चालतो, मिलमालकाचे आणखी तीन धंदे आहेत, त्यांच्या जाहिराती कुठे येतात ते बघा. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे कुठे छापून आलंय?"

मी परत रट्टा मारायला बसले.

आईला वाटलं, मिल कायमची बंद झाली अशी बातमीच छापून आणली तर? त्यांना तुझं-माझं पटत नाही ना, पेपरचं पटतं ना, मग पेपरलाच बोलू दे. आम्ही दोघी पेपरच्या कचेरीत गेलो. संपादक भला माणूस होता, पंखा आमच्याकडे वळवला, चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाला, "बहनजी, मिल बंद है, ये तो पूरे शहर को मालूम है. जो सबको मालूम हो वो खबर कैसे हुई?"

"मग चालू होणार, ते?" आईनं मराठीतच विचारलं. त्याला कळलं. इंदूरात सगळ्यांना कळतं.

"वो किसी को नहीं मालूम," तो म्हणाला. "इसीलिए वो खबर है."

अहो, काय उत्तर! मी वर्षभर क्लासात बसून इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं. आईनं चहा तसाच ठेवला आणि उठली. जिन्यात ती म्हणाली, "हा माणूस खोटं बोलत नाहीये गं. तेच तर वाईट आहे."

त्या संध्याकाळी बाबा गेटवरून परत आले ते खूश होते. कुठल्या तरी आतल्या पानावर परत ते "जल्द" आलं होतं. डबा तसाच भरलेला, सगळ्यांबरोबर गप्पा मारताना जेवायचं राहून गेलं म्हणे. ते हातपाय धुवायला मागे गेले आणि माझं डोकंच फिरलं. "मेली ती मिल!" मी आईवर ओरडले. "मेली! आता काय तिचा उठावना छापून आणायचा का?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"आण," म्हणाली.

"काय आण?"

"उठावना. उठावना कधी खोटा छापलेला ऐकलायस?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी वहीच्या पानावर मजकूर लिहिला, हिंदीत, नेहमीच्या साच्यात. अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि हम सबकी अन्नदाता, हमारी प्रिय मिल का लंबी बीमारी के बाद निधन हो गया है. उठावना कल शाम पाँच बजे, मिल के बड़े गेट पर. शोकाकुल, समस्त कामगार परिवार. मध्ये मिलचं पूर्ण नाव होतं. इथे देत नाही, त्या काळात इंदूरात ज्या बंद पडल्या त्यांतली कुठलीही समजा.

त्याच कचेरीत खाली जाहिरातीची खिडकी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. खिडकीतल्या माणसानं मजकूर वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. मला वाटलं, आता हाकलतो. तो आईला म्हणाला, "बहनजी, बीमारी क्या थी?"

"लापरवाही," आई म्हणाली.

त्यानं शिक्का उचलला. "मेरे काकाजी इसी मिल के कार्डिंग खाते में थे. खबर होती तो ऊपर संपादकजी के पास जाती. उठावने को कौन रोकता है?" मग "कल" खोडून त्यानं "आज" केलं, छापायच्या दिवसाप्रमाणे, आणि म्हणाला, "जगह और टाइम मोटे में कर देता हूँ. लोग बस उतना ही देखते हैं." आणि धाडकन शिक्का मारला. चौथ्या खांबाला खालच्या मजल्यावर एक खिडकी असते, हे आमच्या गाइडमध्ये कुठे नव्हतं.

सकाळी बाबा नेहमीसारखे डबा आणि पेपर घेऊन निघाले. मी कॉलेजच्या निमित्तानं मागोमाग गेले आणि टेम्पोची वाट बघत असल्यासारखी चहाच्या दुकानापाशी उभी राहिले. बाबांनी पेपर उघडला, उलटा केला आणि सुरू झाले. एक सराफ गेले होते. देपालपुरच्या एका आजी गेल्या होत्या. मग आमचं आलं. "अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है," तोच खणखणीत आवाज, "कि हम सबकी अन्नदाता, हमारी प्रिय..."

थांबले.

"किसका है, भिया?" कुणीतरी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. निधन, गेट, पाच वाजता, शोकाकुल, सगळं. एक जण हसला आणि मध्येच गप्प झाला. एका म्हाताऱ्या विणकरानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मला रडू यायला लागलं. आपण हे काय करून बसलो, असं वाटलं, कुणाच्या तरी घरात शिरून काहीतरी फोडल्यासारखं.

मग बाबा म्हणाले, "शाम पाँच बजे. सफेद कपड़े पहनकर आना सब."

ते घरी आले तेव्हा मी आईच्या मागे उभी होते. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "माझा पांढरा सदरा इस्त्री कर. संध्याकाळी एका ठिकाणी बसायला जायचंय."

"कुणाचं हो?" आईनं विचारलं.

"आपल्यातलंच," बाबा म्हणाले आणि मोरीत गेले.

संध्याकाळी गेटसमोर सतरंज्या पसरल्या होत्या. कुणी आणल्या कळलं नाही, पण उठावना म्हटला की इंदूरात सतरंज्या आपोआप येतात. इतकी माणसं येतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जुने जॉबर म्हणजे मुकादम, विणकर, कॅन्टीनवाला. बेटम्याहून एक जण बसनं आला होता, मिल सोडून गावी शेती करायला लागलेला, पण पेपरात वाचून राहवलं नाही म्हणाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, खाली बसलेले, मान खाली. इतके दिवस ही माणसं रोज इथेच यायची, पण रडलं कुणी नव्हतं. आज रडत होती.

आणि मग पांढरी गाडी आली. आमच्या भागाचे नेताजी. ते शहरातल्या प्रत्येक उठावन्याला जात. त्यांचा माणूस सकाळी पेपरात नुसती जागा आणि वेळ बघून ठेवत असे. कोण मेलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, शोकाकुल मतदार असले की झालं. नेताजी गुलाबाचा हार घेऊन, चेहरा पाडून, सराईतपणे पुढे आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"फोटो कहाँ है?" त्यांनी हळूच आईला विचारलं.

"ऊपर देखिए," आई म्हणाली.

नेताजींनी मान वर केली. वर चिमणी. हार हातात धरून ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. चिमणीला हार घालायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. शेवटी त्यांनी तो गेटच्या कुलपाला अडकवला. आणि बोलायला उभे राहिले. "दिवंगत से मेरे पारिवारिक संबंध थे. उनका जाना मेरी निजी क्षति है." तोंडाला सवय असली की मेंदूचं काम पडत नाही! त्यांच्या माणसानं घाईघाईनं कानात काहीतरी सांगितलं. खरं सांगते, नेताजींना मी मानलं, कारण पुढच्या वाक्यात ते सरळ वळण घेऊन म्हणाले, "और इसीलिए मैं आज वचन देता हूँ, मिल जल्द चालू होगी!"

दोघा-तिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"उठावने में ताली नहीं बजाते, भिया," बाबा म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. ते उठले, कुलपासमोर गेले, हात जोडले, आणि वळून सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले, घरचा माणूस उभा राहतो तसे. मग एकेक जण उठला, त्यांच्यासमोर हात जोडून निघाला. नेताजींनाही जोडावे लागले. घरी येऊन बाबांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि मग जेवले.

दुसरा दिवस रविवार. मामा सकाळीच हजर. पेपर आला. पहिल्याच पानावर रंगीत फोटो, हार हातात घेतलेले नेताजी वर बघतायत, जणू आकाशातून काहीतरी उतरतंय. चिमणी कापून टाकली होती. वर ठळक अक्षरात, "मिल जल्द चालू होगी." खाली बारीक, "कामगारों में हर्ष की लहर." झालं! आईनं कपाळावर हात मारला. एका खिडकीनं दिलं आणि वरच्या मजल्यानं काढून घेतलं. आता बाबा म्हणणार, छापलंय.

बाबांनी पेपर घेतला. बातमी वाचली, फोटो बघितला, त्यात कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा अर्धा खांदा होता. सगळं वाचून त्यांनी पेपरची नीट घडी घातली, फोल्डिंग खात्यात घालतात तशी, टोकाला टोक जुळवून.

"छापलंय की," मामा जरा खवचटपणेच म्हणाला.

"छापू दे. उठावन्याला मी स्वतः बसून आलोय," बाबा म्हणाले. "उद्या पीथमपुरची बस कुठून मिळते?"

आई स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ बाहेरच आली नाही. बाबा निवृत्त होईपर्यंत त्या कारखान्यात गेले. त्यांच्यामागून खात्यातले काही जण तिकडे लागले, काहींनी टेम्पो चालवला, काही मात्र त्या ओट्यावर बसूनच राहिले. वाचणारा गेल्यावर तिथे पेपर यायचा बंद झाला. उठावना कुणी दिला, हे बाबांनी आम्हाला आयुष्यात कधी विचारलं नाही.

मी आता कॉलेजात माध्यमं आणि लोकशाही शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, मीडियामध्ये खरंच एवढी पावर असते का? मी त्यांना ते तीन सिद्धांत देते, परीक्षेत येतात म्हणून.

बाबा गेले तेव्हा उठावने रंगीत झाले होते, फोटोसकट. मी त्यांचा एक चांगला फोटो शोधून काढला आणि मजकूर लिहायला बसले. अत्यंत दुःख के साथ, एवढंच लिहून झालं होतं. आई जवळ आली, वाचलं, आणि माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"नको छापू."

"अगं आई, लोकांना कळायला नको का? जागा, वेळ..."

"फोन कर लोकांना. पेपरात नको." तिनं कागदाची चार वेळा घडी केली आणि मुठीत धरला. "छापलं की खरं होतं गं."